फेब्रुवारीत गावाला कुलूप असते, मग माणसे मोजायची कुठे?

प्रश्न असा आला आहे. बीड जिल्ह्यातल्या डोंगरपट्ट्यातल्या एका गावच्या सरपंचताई लिहितात: "गावाची वस्ती दीड हजाराच्या आसपास. दिवाळी झाली की निम्मे गाव ऊसतोडीला जाते. जनगणनेत माणसांची मोजणी फेब्रुवारी २०२७ मध्ये आहे म्हणतात. तेव्हा घरांना कुलपे असतील. आमची माणसे गावात धरायची की नाही? आणि लोकांनी नीट भाग घ्यावा म्हणून ग्रामपंचायतीने आतापासून काय करावे?"

ताई, आधी सरळ उत्तर देतो. जो माणूस मोजणीच्या पूर्ण काळात गावाबाहेर आहे, तो गावात धरायचा नाही. तो जिथे कोपी, म्हणजे उसाच्या पाचटाची झोपडी, टाकून राहिला आहे तिथे मोजला गेला पाहिजे. कुलूप लागलेल्या घरातली माणसे शेजाऱ्याला विचारून "लिहून टाकायची" नाहीत. यात तुमच्या गावाचा आकडा घटतो, हे मला माहीत आहे. त्याबद्दल पुढे बोलतो. पण तुमचे खरे काम आकडा वाढवणे हे नाही. तुमची माणसे दुसऱ्याच्या शिवारात सुटणार नाहीत आणि मागे राहिलेली घरातल्या घरात सुटणार नाहीत, एवढे तुम्ही पाहायचे आहे.

मी जिल्हा परिषदेचा निवृत्त शिक्षक. १९९१ आणि २००१ ला पश्चिम महाराष्ट्रात, साखर कारखान्याच्या पट्ट्यात प्रगणक, म्हणजे घरोघर जाऊन मोजणी करणारा, होतो. मग आंतरजिल्हा बदलीने घरी आलो आणि २०११ ला बीडमध्येच तालुक्याला प्रगणकांना प्रशिक्षण देत होतो. आपली माणसे जातात ते टोक आणि निघतात ते टोक, दोन्ही मी यादी हातात धरून पाहिली आहेत.

नियम समजला की निम्मे भांडण मिटते. २०११ ला मोजणी ९ ते २८ फेब्रुवारी चालली. त्या दिवसांत जो माणूस आपल्या नेहमीच्या घरी थोडा वेळ जरी होता, किंवा २८ तारखेच्या आत परत येणार होता, तो घरी धरला. जो पूर्ण काळ बाहेर, तो जिथे सापडला तिथे. या वेळचा हिशेबाचा क्षण सरकारने १६ जून २०२५ च्या अधिसूचनेत सांगितला आहे: २८ फेब्रुवारी संपून १ मार्च २०२७ लागतो ती मध्यरात्र. लडाख आणि हिमाचल, उत्तराखंड, जम्मू-काश्मीरच्या बर्फाळ भागांसाठी तो १ ऑक्टोबर २०२६ आहे, कारण फेब्रुवारीत तिथे प्रगणकाला पोचताच येत नाही. बर्फाची सोय झाली, उसाची नाही. फेब्रुवारीत हवा बरी असते, रस्ते उघडे असतात, लोक बहुतेक घरी असतात, म्हणून हा महिना पूर्वीपासून चालत आला आहे. देशाच्या मानाने ते बरोबरही आहे. फक्त ज्याने ठरवले त्याने फेब्रुवारीतले धारूर, पाटोदा किंवा शिरूर कासार पाहिले नसावे.

आता यातली खाच. जनगणना दोन टप्प्यांत होते. पहिला घरयादीचा, एप्रिल ते सप्टेंबर २०२६ मध्ये, प्रत्येक राज्याला त्यातले ३० दिवस. दुसरा माणसांचा, फेब्रुवारी २०२७ मध्ये. घरयादीच्या वेळी ऊस संपलेला असतो, माणसे गावी असतात. म्हणजे तुमच्या गावची घरयादी भरलेली दिसते. भिंत, छप्पर, नळ, संडास, गॅस, इंटरनेट, घरात मुख्य धान्य कोणते खातात, सगळे नीट लिहिले जाते. पण त्याच वेळी कारखान्याच्या आवारात काय असते? मोकळे रान. कोपी नावाची वस्तूच तिथे नसते. तिथल्या प्रगणकाच्या यादीत त्या जागेवर घर नाही, कुटुंब नाही, काही नाही. आठ महिन्यांनी तो येतो तेव्हा तिथे एक अख्खे गाव उभे असते. दुसऱ्या टप्प्यात नव्याने आलेली घरे आणि कुटुंबे यादीत वाढवायची असतात, हे प्रशिक्षणात शिकवतात. पण हातातल्या यादीत दीडशे कुटुंबे असताना समोर आणखी तीनशे कोप्या दिसल्या की माणूस दमतो. मी स्वतः दमलो होतो, म्हणून सांगतो.

२००१ ची गोष्ट. माझ्या गटात, म्हणजे मला मोजायला दिलेल्या भागात, कारखान्याच्या कडेचा एक पट्टा होता. आदल्या वर्षीच्या घरयादीत तिथे काहीच नव्हते. मी सकाळी अकरा वाजता पोचलो. पाचटाच्या कोप्यांची रांग, दोन कुत्री, एक म्हातारी, साडीच्या झोळीत झोपलेले एक लेकरू आणि बाकी शुकशुकाट. सगळे पहाटे चारलाच फडात गेलेले. म्हातारी म्हणाली, मुकादमाला विचारा. मुकादम चहाच्या टपरीवर सापडला. त्याने क्षणात हिशेब दिला: "बावीस कोयते आहेत गुरुजी, लिहा." एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. बावीस कोयते म्हणजे चव्वेचाळीस माणसे. माझ्या शेजारच्या गटातल्या प्रगणकाने त्याच्या टोळीचे असेच लिहून घेतले होते, ते मला नंतर कळले. मी रात्री आठला बॅटरी घेऊन परत गेलो. चुली पेटल्या होत्या, बाया भाकरी थापत होत्या. कोपी-कोपीने मोजले तर माणसे निघाली एकाहत्तर. मुकादम खोटे बोलला नव्हता. तो उचल, म्हणजे हंगामाची आगाऊ रक्कम, दिलेली माणसे मोजत होता, कारण त्याचे पैसे त्यांच्यावर होते. लेकरांवर आणि म्हाताऱ्यांवर उचल कोण देतो?

म्हणून पहिली गोष्ट: मुकादमाला विश्वासात घ्या, पण त्याच्या तोंडच्या आकड्यावर कुणाला विसंबू देऊ नका. गावातून कोणत्या मुकादमाच्या कोणत्या टोळ्या जातात, कुठल्या कारखान्याला, डोकी सेंटरला (डोक्यावर मोळ्या वाहून ट्रक भरणारे) की गाडी सेंटरला (बैलगाडीवाले), ही यादी ग्रामपंचायतीत झाली पाहिजे. बैलगाडीवाले बहुतेक कारखान्याच्या आवाराजवळ राहतात. डोकी सेंटरवाले ट्रक जाईल तसे या गावातून त्या गावात सरकतात, आणि तेच जास्त सुटतात. ऊसतोड कामगार महामंडळाच्या ओळखपत्रांसाठी गावपातळीवर नोंदी झाल्या आहेत. त्या तुमच्या ग्रामसेवकाकडे (आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचे) असतील तर तिथून सुरुवात करा. त्यांत जोडप्यांची नावे मिळतील, लेकरांची बहुधा नाहीत.

दुसरी गोष्ट, आणि माझ्या मते सगळ्यांत कामाची: कुटुंबाची चिठ्ठी. दसऱ्याच्या आत, माणसे गावात असतानाच, प्रत्येक जाणाऱ्या कुटुंबासाठी एका कागदावर सगळ्यांची नावे, जन्मतारीख किंवा वय, जन्मगाव, मातृभाषा, शिक्षण, लग्नाच्या वेळचे वय, जात आणि मूळ गाव-तालुका-जिल्हा लिहून द्या. शाळेतल्या आठवी-नववीच्या पोरांकडून लिहून घ्या, त्यांचे अक्षर बरे असते आणि घरच्यांची माहितीही त्यांनाच असते. मूळ कागद पत्र्याच्या पेटीत, फोटो फोनमध्ये. हा काही सरकारी दाखला नाही, प्रगणक तो मागणारही नाही. पण बेळगाव-बागलकोटकडे कानडी बोलणारा प्रगणक रात्री कोपीपाशी उभा राहतो, दिवसभर मोळ्या उचलून आलेल्या बाईला पाचही लेकरांची वये विचारतो, तेव्हा तो कागद फार उपयोगी पडतो. तो आधीच्या राहण्याच्या जागेबद्दल विचारेल: कुठून आलात, किती दिवस झाले, कशासाठी आलात. हे प्रश्न २०११ लाही होते. तिथे "इथलेच" असे उत्तर देऊन मोकळे होऊ नका, असे आपल्या माणसांना बजावून सांगा. बीडहून कामासाठी आलो, चार महिने झाले, हे लिहिले गेले तरच बीडचे स्थलांतर कागदावर येते.

चिठ्ठीतल्या दोन रकान्यांवर जरा थांबतो. जात आणि मातृभाषा.

१९३१ नंतर पहिल्यांदाच जनगणनेत सर्वांची जात विचारली जाणार आहे. मंत्रिमंडळ समितीने तो निर्णय ३० एप्रिल २०२५ ला घेतला, आणि प्रश्न दुसऱ्या टप्प्यात, म्हणजे फेब्रुवारीतच आहे. स्वतंत्र भारतात आजवर फक्त अनुसूचित जाती आणि जमातींची मोजणी होत आली. मधे २०११ ची सामाजिक, आर्थिक आणि जातनिहाय पाहणी झाली. त्यात काय घोटाळा झाला हे केंद्र सरकारनेच २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सांगितले: महाराष्ट्राच्या याद्यांत जाती ४९४, आणि पाहणीत लोकांनी सांगितलेल्या वेगवेगळ्या नोंदी निघाल्या ४,२८,६७७. एवढ्या जाती कुठून आल्या? कुणी आडनाव सांगितले, कुणी कूळ, कुणी देवक, कुणी पोटजात, कुणी धंदा. आणि लिहिणाऱ्याने एकच नाव चार तऱ्हांनी लिहिले. काना-वेलांटी बदलली की यंत्राच्या दृष्टीने जात नवी. कुणी काय सांगावे हे मी सांगणार नाही, तो ज्याचा त्याचा प्रश्न, आणि सरपंच म्हणून तुम्हीही कुणाला त्यात सल्ला देऊ नका. गावात भांडण लागायला तेवढे पुरते. एवढेच करा: ज्याच्या घरी जातीचा दाखला किंवा शाळा सोडल्याचा दाखला आहे त्याने त्यावरचे अक्षर न् अक्षर चिठ्ठीवर उतरवावे. घरातल्या पाच जणांनी पाच प्रकारे सांगू नये.

मातृभाषेचे तसेच. प्रश्न घराला नसतो, प्रत्येक माणसाला असतो. प्रगणक घाईत एकाला विचारतो आणि खाली सगळ्यांना तेच लिहितो. २०११ ला मराठी मातृभाषा सांगणारे सुमारे ८ कोटी ३० लाख होते. आपल्याकडच्या तांड्यांवर घरात गोरमाटी (बंजारा बोली) बोलतात, बाहेर मराठी. तिथे बहुतेक वेळा "मराठीच लिहा गुरुजी" असे उत्तर येते, कारण समोरचा मास्तर मराठी असतो. आपल्या लहानपणी आई आपल्याशी जी भाषा बोलली ती सांगायची, एवढा साधा नियम आहे. पुढे सरकार ती कोणत्या गटात टाकते हा वेगळा वाद. २०११ च्या तक्त्यांत बंजारी आणि लमाणी या नोंदी हिंदीच्या गटाखाली गेल्या, तर अहिराणी खानदेशी या वेगळ्या भाषेखाली. पण गटात गेली तरी मातृभाषा म्हणून तिचा स्वतंत्र आकडा छापून येतो. सांगितलीच नाही तर तोही येत नाही.

वयाचे काय करायचे, हे कोणत्याही जुन्या प्रगणकाला विचारा. साठीच्या पुढच्या प्रत्येकाचे वय साठ, पासष्ट, सत्तर असेच येते, मधले आकडे जणू कुणाच्या वाट्याला आलेच नाहीत. आम्ही घटनांवरून काढायचो. रझाकारीत जन्म की पोलीस अॅक्शननंतर? बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला जात होता का, की कडेवर होता? किल्लारीच्या भूकंपाला, म्हणजे ३० सप्टेंबर १९९३ ला, थोरले पोरगे केवढे होते? चार प्रश्नांत दोन वर्षांच्या फरकाने वय निघते. दसऱ्याच्या आत गावात बसून हे निवांत होते, कोपीच्या दारात होत नाही.

आता मागे राहिलेली माणसे. तुम्हाला वाटेल ती तर गावातच आहेत, त्यांची काय काळजी? २०११ च्या प्रशिक्षणात मी हाच भाग सगळ्यांत जास्त वेळ घेतला होता आणि तरी चूक झालीच. एका वस्तीवर प्रगणकाने सलग नऊ घरांवर "कुलूप" लिहिले. मी पडताळणीला गेलो. नऊपैकी चार घरांत पोरे होती. दिवसा शाळेत, दोन वेळचे जेवण हंगामी वसतिगृहात (ऊसतोडीला गेलेल्यांच्या मुलांसाठीची सोय), आणि झोपायला आजीकडे. कुलूप पाहून घर सोडले, आणि आजीच्या घरी विचारले तेव्हा आजीने आपले आणि आजोबांचेच सांगितले. "ती लेकरं तर माझ्या लेकाची," हे तिचे उत्तर. तिच्या लेखी ती लेकाच्या घरची, प्रगणकाच्या लेखी तो लेक बाहेरगावी, आणि तिकडे कोपीत आई म्हणते, "पोरं गावाला हायेत." दोन्हीकडून सुटली. अशी सुटणारी माणसे थोडी नसतात. जनगणनेनंतर सरकार स्वतःच नमुना पडताळणी करते, आणि २००१ व २०११ दोन्ही वेळा निव्वळ गळती दर हजारी २३ निघाली. तुमच्या दीड हजारांच्या गावाला तोच दर लावला तर चौतीस-पस्तीस माणसे. ती कोण असतात? तान्ही लेकरे, परत माहेरी आलेली बाई, दुसऱ्याच्या ओसरीवर झोपणारा म्हातारा.

जनगणनेत कुटुंब म्हणजे एक चूल. एका वाड्यात तीन भाऊ, तिघांच्या तीन चुली, तर तीन कुटुंबे. एकच चूल तर एक कुटुंब, मग रेशनकार्डे चार का असेनात. हे गावाला आधीच समजावले तर पुष्कळ घोळ टळतो, कारण लोक रेशनकार्ड पुढे करतात आणि त्यावरची नावे वाचून दाखवतात. त्या कार्डावर लग्न होऊन गेलेली लेक असते, नवीन आलेली सून नसते आणि दोन वर्षांचे नातवंड तर नसतेच. जेवणाऱ्या तोंडांवरून मोजा, कार्डावरून नको. आजीकडे जेवणारी-झोपणारी नातवंडे आजीच्या चुलीत. निवासी वसतिगृहात कायम राहणारी पोरे वसतिगृहात. हंगामी वसतिगृहात फक्त जेवणारी जिथे झोपतात तिथे. ही शेवटची यादी मुख्याध्यापकांकडून लेखी घ्या आणि प्रगणकाला पहिल्याच दिवशी द्या.

तान्ह्या मुलींबद्दल एक बोलतो. २०११ ला बीड जिल्ह्यात शून्य ते सहा वर्षांच्या हजार मुलग्यांमागे ८०७ मुली होत्या, राज्यात ८९४. त्या आकड्याने जिल्ह्याची मान खाली गेली आणि बरोबरच गेली. पुढच्या आकड्यात सुधारणा खरी किती हे कळायला हवे असेल तर कोपीतली आणि आजीच्या ओसरीवरची प्रत्येक मुलगी मोजली गेली पाहिजे. आशाताई आणि अंगणवाडीताईंकडच्या नोंदवहीत मागच्या दोन वर्षांतले जन्म असतात. प्रगणकाने लिहिलेली माहिती त्यांना देता येत नाही, पण त्यांनी प्रगणकाला "या गल्लीत तीन बाळे आहेत" एवढे सांगायला कुणाची हरकत नाही.

लोक भितात, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल. गायरानावर घर आहे ते उठवतील. पोरीचे लग्न सोळाव्या वर्षी लावले ते उघडे पडेल. घरकुल जाईल. कागद मागतील. यातल्या प्रत्येक भीतीला मी एकच उत्तर देत आलो आहे, १९४८ च्या जनगणना कायद्याचे कलम १५. जनगणनेत लिहिलेली नोंद कुणालाही पाहायचा हक्क नाही, आणि ती कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही. तहसीलदारांनी मागितली तरी अतिक्रमणाच्या कामाला ती वापरता येत नाही. आणि हो, उत्तर देणे कायद्याने बंधनकारकही आहे, नकार दिला तर हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. पण दंड सांगून मी आजवर एकही खरे उत्तर मिळवलेले नाही, म्हणून ग्रामसभेत ते कलम वाचू नका, १५ वाचा.

त्याच कायद्यात एक गोड तरतूद आहे, ती बायकांच्या बैठकीत जरूर सांगा. रूढीने जे नाव घेता येत नाही ते सांगायची कोणत्याही बाईवर सक्ती नाही, नवऱ्याचेसुद्धा. १९९१ ला एका आजीने माझा अर्धा तास घेतला होता. नाव काही घेईना. शेवटी म्हणाली, "पंढरपुरात उभा हाय, तेच." मी विठ्ठल लिहिले. घरातून नातू ओरडला, "पांडुरंग!" आजी पदराआड हसली. हल्लीच्या मुली उखाण्यात काय नि व्हॉट्सअॅपवर काय, नाव सर्रास घेतात. पण सत्तरीच्या पुढच्या बाईला अडवू नका.

फसवणुकीचे मात्र नव्याने सांगावे लागेल. या वेळी प्रगणक मोबाइलवर नोंद करणार, आणि लोकांना पोर्टलवर स्वतः माहिती भरायचीही सोय आहे. घरयादीच्या आधी त्यासाठी १५ दिवस ठेवले आहेत. भरल्यावर एक क्रमांक मिळतो, तो घरी आलेल्या प्रगणकाला दाखवायचा. तेव्हा प्रगणक घरी येतोच. येताना ओळखपत्र आणतो. बँक खाते, पैसे, फोनवरून ओटीपी यातले काही तो मागत नाही. "जनगणनेतून बोलतोय" म्हणून फोन आला आणि ओटीपी मागितला तर तो चोर आहे, हे दवंडीसारखे सांगा. आणखी एक: गावातल्या हुशार पोरांनी कारखान्यावर बसलेल्या मामा-काकांची फेब्रुवारीतली माहिती गावचा पत्ता टाकून भरून ठेवू नये. हेतू चांगला असतो, पण इकडे फोनवर एकदा आणि तिकडे कोपीत एकदा अशी माणसे दुप्पट होतात.

बाईचे काम हा रकाना कायम फसतो. "घरीच असते," असे नवरा सांगतो, आणि ती बाई त्याच्याइतकीच पहाटे उठून त्याच्याइतक्याच मोळ्या बांधत असते, वर भाकरी तिनेच केलेली. कोयत्यातली अर्धी उचल तिच्या नावावर आहे, मग जनगणनेत ती बिनकामाची कशी? बचत गटाच्या बैठकीत हा एक प्रश्न घ्या: मागच्या वर्षभरात किती महिने कोणते काम केले, स्वतःच्या शेतातले आणि दुसऱ्याच्या. २०११ च्या नियमात सहा महिने ही रेघ होती, सहा महिने किंवा जास्त काम केले तर मुख्य काम करणारी, त्याहून कमी तर सीमान्त. बायका बोटांवर मोजायला लागल्या की स्वतःच चकित होतात.

वेळापत्रकाचे थोडक्यात. फेब्रुवारीत बारावीची परीक्षा असते, प्रगणक तर बहुधा शिक्षकच. २०२७ मध्ये रमजानही फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू होतो, तेव्हा मोहल्ल्यात मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजाच्या, सुमाराला कुणी दार वाजवू नये. शेतवस्त्या आणि मळे सकाळी आठच्या आत. यासाठी प्रगणकाबरोबर गावचा एक जाणता माणूस द्या, पण तो पुढाऱ्यांपैकी नको. प्रश्न विचारताना त्याने उंबऱ्याबाहेर थांबावे. सासू समोर असताना सून जे सांगते ते तसेही अर्धेच असते, त्यात गावचा माणूस कशाला.

आता गावाच्या आकड्याचे. तुमची काळजी खोटी नाही. पंधराव्या वित्त आयोगाने २०११ ची लोकसंख्या धरली. अन्नसुरक्षेखाली राज्याला मिळालेला सुमारे ७ कोटींचा इष्टांकही (लाभार्थींची ठरवून दिलेली संख्या) २०११ वर बसवलेला, म्हणून नवे नाव टाकायला गेले की "इष्टांक भरला" असे ऐकावे लागते. आरोग्य उपकेंद्राला सपाटीवर ५,०००, डोंगराळ भागात ३,००० लोकसंख्या लागते. ग्रामपंचायतीचे सदस्य सात की नऊ की अकरा, तेही लोकसंख्येवरच. तेव्हा निम्मे गाव कारखान्याच्या हद्दीत लिहिले गेले तर तोटा तुमचा आणि फायदा उसाच्या गावाचा, असे दिसते. २०११ ला एका गावच्या सरपंचांनी मला बाजूला घेऊन सांगितले होते, "गुरुजी, आपलीच माणसं आहेत, धरून टाका." मी नाही म्हणालो. जाणूनबुजून खोटी नोंद करणाऱ्या प्रगणकाला कायद्यात शिक्षा आहे, हे एक कारण. दुसरे मला जास्त मोठे वाटले: ती माणसे तिकडेही मोजली गेली तर दुहेरी होतात, आणि नाही मोजली गेली तर कोप्यांत माणसे राहतात हे कुठेच लिहिले जात नाही. पाणी नाही, संडास नाही, शाळा नाही, आणि कागदावर माणूसही नाही. तुम्ही दुसरे करा. घरयादीच्या वेळी गावात किती कुटुंबे आणि फेब्रुवारीत किती घरांना हंगामी कुलूप असणार, याचा ग्रामसभेचा ठराव करून तहसीलदारांना द्या. जनगणनेत तालुक्याचे चार्ज अधिकारी बहुधा तेच असतात. जनगणनेचा आकडा त्याने बदलणार नाही. पण पुढे पाणी, रेशन, वसतिगृह मागताना "आमचे हंगामी स्थलांतर इतके" हे दाखवायला तारीख-शिक्क्याचा कागद हातात राहील. आणि त्याच पत्रात टोळ्यांची यादी जोडून विनंती करा की ती कारखान्यांच्या तालुक्यांकडे आधीच कळवावी, म्हणजे तिथे आवारासाठी वेगळा प्रगणक नेमता येईल. जानेवारीत दिले तर उशीर. डिसेंबरच्या आत.

राहिले शेवटचे, सरकणाऱ्या टोळ्यांचे. २००१ ला मी ज्या एकाहत्तर माणसांना मोजले, त्यांतल्या तीन कोप्या २६ फेब्रुवारीला उठून नदीपलीकडच्या फडावर गेल्या. तिथल्या प्रगणकाने त्यांना नवीन म्हणून लिहायला घेतले. मुकादमाने खिशातून माझ्या हातची चिठ्ठी काढली, त्यावर मी तारीख, गावाचे नाव आणि "मोजले" एवढेच लिहिले होते. तो प्रगणक दुसऱ्या दिवशी सायकलवर मला विचारायला आला. त्यांतल्या एका कोपीत २८ च्या रात्री मुलगी झाली होती. १ ते ५ मार्चच्या फेरीत जन्म-मृत्यूची दुरुस्ती करायची असते. मध्यरात्रीच्या आधी जन्मली तर धरायची, नंतर जन्मली तर नाही. आईला वेळ विचारली. घड्याळ नव्हते. ती म्हणाली, कारखान्याचा बाराचा भोंगा झाला नव्हता. मी तिचे नाव रिकामे ठेवून "मुलगी, वय शून्य" लिहिले.